परिमाणाचा संसार

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांच्या वाटचालीत ज्या ज्ञात-अज्ञात दात्यांनी आपल्या कष्टाचा पैसा या संस्थेच्या कार्यात घातला, त्यांना प्रथम वंदन करतो. संस्थेला मिळालेला प्रत्येक रुपया कोणत्या तरी घरात शिल्लक राहिलेला रुपया असतो. घरात काही उरले, तरच दानाला हात पुढे होतो. म्हणून ‘ग्रामीण भागातील काटकसरीचा संसार’ हा मला दिलेला विषय सुवर्ण महोत्सवाच्या आनंदाशी विसंगत नाही, उलट तो त्याच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

मी कापडाचा व्यापारी आहे. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर या विषयावर मी बोलूच नये. लोक जितका मोठा बस्ता बांधतील, तितका माझा फायदा. परंतु कापड दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला लोकांच्या संसाराचे जे दर्शन घडते, ते फार थोड्यांना घडत असेल. बस्ता बांधताना घरादाराच्या चेहऱ्यावरचा आनंद तो पाहतो, आणि त्याच बस्त्याची बाकी किती महिने खतावणीत पडून राहते, हेही तोच पाहतो. या दोन्ही गोष्टी पाहिलेला माणूस म्हणून आज चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

काटकसर म्हटले की पोटाला चिमटा घेणे, हौसमौज बंद करणे, असा अर्थ आपण घेतो. मला तो मान्य नाही. ज्याच्याजवळ पैसाच नाही, त्याला काटकसरीचा उपदेश करणे ही तर क्रूर थट्टा होय. रोजंदारीवर जाणारी माउली जी काटकसर करते, ती आपण तिला शिकवावी अशी आपली योग्यताही नाही. माझे बोलणे आहे ते ज्यांच्या घरी वर्षाला दोन पैसे येतात आणि तरीही वर्षअखेर हात रिकामा राहतो, अशा घरांविषयी. छोटी किराणा दुकाने, पाच-सात एकर शेती, तालुक्याची लहानशी नोकरी अशा आधारावर चालणारी अशी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. अशा घरासाठी काटकसरीची माझी व्याख्या एका वाक्यात सांगतो : खर्चाची मर्यादा पैसा हाती येण्यापूर्वी ठरविणे म्हणजे काटकसर. पैसा आल्यावर मर्यादा ठरवू म्हणणाऱ्याची मर्यादा कधीच ठरत नाही.

या गोष्टीसाठी आपल्या धर्माने फार सुंदर शब्द दिला आहे, तो म्हणजे ‘परिमाण’. श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये परिग्रह-परिमाण आहे, दिशा-परिमाण आहे, उपभोग-परिभोग परिमाण आहे. साधूने सर्वस्व सोडावे, परंतु गृहस्थाने सर्वस्व सोडावे असे भगवंतांनी सांगितले नाही. गृहस्थाने माप ठरवावे, एवढेच सांगितले.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण पर्युषणात ऐकतो. वाणिज्यग्रामचा हा गाथापती बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी. त्यातील चार कोटी निधान म्हणून सुरक्षित ठेवलेले, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घर-संसाराच्या पसाऱ्यात. शिवाय दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे. भगवान महावीरांसमोर त्याने व्रत घेतले, की जे आहे यापलीकडे आता नको. इतकेच नव्हे, तर स्नानाला पाण्याचे घडे आठ आणि अंगावर वस्त्र म्हणजे क्षौमाची एक जोडी, येथपर्यंत त्याने माप ठरविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. अंदाजपत्रक, राखीव निधी, खेळते भांडवल हे शब्द महाविद्यालयात शिकलो. परंतु एक तृतीयांश राखीव, एक तृतीयांश धंद्यात आणि घरखर्च एक तृतीयांशाच्या आत, असा आदर्श ताळेबंद आपल्या आगमात पूर्वीच लिहून ठेवलेला आहे. आणि लक्षात घ्या, हे माप गरिबाने ठरविले नाही, नगरातल्या श्रीमंताने ठरविले. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

व्रत हे आयुष्यभराचे अंदाजपत्रक झाले. रोजच्या अंदाजपत्रकासाठी आपल्याकडे चौदा नियम आहेत. सचित्त, द्रव्य, विगई, उपानह, तांबूल, वस्त्र, कुसुम, वाहन, शयन, विलेपन, ब्रह्मचर्य, दिशा, स्नान आणि भोजन. आज ताटात किती पदार्थ घेईन, किती वस्त्रे वापरीन, कोणत्या वाहनात बसेन, कोणत्या दिशेला किती दूर जाईन, हे श्रावकाने सकाळी धारावे आणि सायंकाळी तपासून पाहावे. सकाळी अंदाज आणि संध्याकाळी जमाखर्च. रोजकीर्द दुसरी काय असते? आपल्यापैकी अनेक जण हे नियम धर्मक्रिया म्हणून धारतात. तेच नियम घराच्या वहीपर्यंत आणले, तर धर्मही घडेल आणि संसारही सावरेल.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. शहरातील नोकरदाराचे अंदाजपत्रक सोपे असते. पगार महिन्याला येतो, खर्चही महिन्याला होतो. आपल्या गावाकडे तसे नाही. कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या सुमारास घरात येते आणि फरदड धरली तर शेवटचा कापूस माघ-फाल्गुनापर्यंत चालतो. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचे पैसे एकदम मोठ्या रकमेने येतात, आणि वैशाखातील एखादे वादळ ते एका तासात घेऊनही जाते. गावचा दुकानदार शेतकरी नसला तरी त्याचा गल्ला शेतकऱ्याच्या घरावरच भरतो. म्हणजे मिळकत चार महिन्यांची आणि तोंडे बारा महिन्यांची. जूनमध्ये पेरणी आणि मुलांची शाळा एकाच वेळी दाराशी उभ्या राहतात. श्रावण-भाद्रपदात घरातला पैसा सर्वांत आटलेला असतो, आणि नेमके त्याच वेळी चातुर्मास, पर्युषण, तपश्चर्येची पारणी आणि पाहुण्यांची वर्दळ असते. पैशाचा पूर आणि खर्चाचा पूर यांची गाठ पडत नाही, हेच ग्रामीण संसाराचे खरे दुखणे आहे. मिळकत कमी असणे हे त्याच्या नंतरचे.

म्हणून गावच्या घराने महिन्याचे नव्हे, तर वर्षाचे अंदाजपत्रक करावे. कोणते वर्ष धरावे? सरकारचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आम्हा व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीच्या वहीपूजनाने सुरू होत असे. १९८९ पासून आयकरासाठी सर्वांना एकच वर्ष लागू झाले, तरी पूजन मात्र आपण दिवाळीलाच करतो. खान्देशच्या शेतीचे वर्ष आखाजीला फिरते. सालदाराचा करार आखाजीला होतो, जुना हिशेब आखाजीला मिटतो, लेकी माहेरी आखाजीला येतात. आणि हीच अक्षय्य तृतीया आपल्यासाठी वर्षीतपाच्या पारण्याची, भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमारांनी इक्षुरस वाहिल्याची. दीर्घ तपाचे सुखाने पारणे होते ते संयमामुळे, हे सांगणारा याहून योग्य दिवस कोणता? मी सुचवितो, की आपल्या घराची वही आखाजीला उघडावी आणि दिवाळीला, पैसा हाती येण्याच्या वेळी, तिचा अर्धवार्षिक आढावा घ्यावा.

माप आधी ठरविण्याची ही बुद्धी आपल्या मातीत नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. शतकानुशतके ही पद्धत गावकऱ्यांनी स्वतः चालविली. बंधाऱ्याखालील शेतजमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड, केलेले असत. एका फडात एकच पीक. कोणत्या फडात ऊस घ्यायचा, कोणत्यात हंगामी पीक, आणि कोणता फड पडीक ठेवायचा, हे गावची मंडळी नदीत पाणी किती आहे ते पाहून ठरवीत. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे, त्यामुळे टंचाई आली तर ती सर्वांनी सारखी सोसावी लागे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. मालकाने मधेच पाट फोडायचा नाही. आधी पाणी मोजा, मग पीक ठरवा. आपण संसारात नेमके उलटे करतो. आधी पीक ठरवितो, म्हणजे लग्न कुठे, गाडी कोणती, घराला मजला किती हे ठरवितो, आणि मग पाणी शोधत सावकाराच्या दारी जातो.

प्रत्यक्ष करावे कसे, ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पाच माणसांचे घर. पुढील हंगामाचे बी-बियाणे, खत, मजुरी, दुकान असेल तर मालाचे भांडवल, हे सर्व बाजूला काढून उरलेली वर्षाची निव्वळ मिळकत दोन लाख ऐंशी हजार रुपये धरू. भांडवल आधी बाजूला काढावे, हा पहिला नियम. बियाण्याचे पैसे खाणारे घर पुढच्या वर्षीचा कापूस या वर्षी खात असते.

आता या रकमेचे बारा भाग न करता चौदा करावेत. प्रत्येक भाग वीस हजारांचा. बारा भाग बारा महिन्यांचे. तेरावा भाग आजारपणाचा आणि चौदावा अवर्षणाचा. शिंपी कपडा बेततो तेव्हा शिवणीच्या आत थोडे कापड सोडतो, त्याला आपण ‘माया’ म्हणतो. मूल वाढले की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. ज्या कपड्यात माया नाही, तो पहिल्याच वर्षी तोकडा होतो. संसाराच्या शिवणीतही अशी दोन भागांची माया असावी. १९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला. रोजगाराची कामे, परदेशी मिलो ज्वारी, सुकडी हे सारे आठवणारी मंडळी या सभागृहात आहेत. त्या दुष्काळात आणि २०२० च्या टाळेबंदीत एक गोष्ट सारखीच दिसली : ज्या घरात वर्षाचे धान्य भरलेले होते, ते घर घाबरले नाही.

महिन्याच्या वीस हजारांची विभागणी साधारण अशी होऊ शकेल. अन्नधान्य, किराणा आणि दूध साडेसात हजार. शिक्षण साडेतीन हजार. वीज, गॅस, फोन आणि प्रवास तीन हजार. कपडे, सण आणि पाहुणे दोन हजार. बचत तीन हजार. कर्ज असेल तर ते फिटेपर्यंत हीच रक्कम कर्जाकडे. आणि दान एक हजार. दान मुद्दाम लिहिले आहे. उरले तर देऊ म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही. आकडे आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलतील, परंतु एका रकान्यातून दुसऱ्यात पैसा न्यायचा असेल तर घरातील दोघांनी वहीपुढे बसून न्यावा, मनातल्या मनात नेऊ नये.

धान्याविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या माता-भगिनींचे कौशल्य येथे आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण पाच क्विंटल धान्य लागते. हंगामात गहू, ज्वारी, तूर एकदम घेऊन, कडक उन्हात वाळवून, गव्हाला एरंडेल चोळून, ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरणे ही आपल्या घरची जुनी रीत. उन्हाळ्यात बिबडे, शेवया, कुरडया, नागलीचे पापड करून ठेवायचे. चातुर्मासात हिरव्या भाजीचा त्याग आणि पावसाळ्यात महागलेली भाजी, या दोन्ही गोष्टी या साठवणीने सुसह्य होतात. धर्माचा नियम आणि घरखर्चाचा नियम किती ठिकाणी हातात हात घालून चालतात पाहा. मात्र साठवण गरजेपुरती असावी. कीड पडेल इतके धान्य भरले तर त्यात बचतही नाही आणि अहिंसाही नाही.

कापड हा माझा विषय, म्हणून त्यातील दोन गोष्टी मोकळेपणाने सांगतो. पहिली : कपड्याची किंमत पावतीवर नसते, तो किती वेळा अंगावर येतो यावर असते. सहाशे रुपयांचे सुती पातळ शंभर वेळा नेसले, तर एका नेसण्याला सहा रुपये पडले. तीनशेची साडी वीस धुण्यांत विटली, तर एका नेसण्याला पंधरा रुपये पडले. स्वस्त वस्तू बहुधा महाग असते. पूर्वी लुगडे जुने झाले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे. एका कापडाला तीन जन्म होते.

दुसरी गोष्ट उधारीची. ‘कापूस आला की देतो’ या शब्दावर खान्देशातील बाजारपेठा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. तो विश्वासाचा व्यवहार होता आणि त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु उधारीचा भाव आणि रोखीचा भाव एक नसतो, हे ग्राहकाने ओळखावे. रोखीत दहा हजारांना मिळणारा माल आठ महिन्यांच्या उधारीवर साडेअकरा हजारांना घेतला, तर वर्षाचा व्याजदर साडेबावीस टक्के झाला. बँकेचे पीककर्ज याहून कितीतरी स्वस्त पडते. आज उधारीची जागा मासिक हप्त्याने घेतली आहे. ‘शून्य टक्के व्याज’ अशी पाटी असली, तरी प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास सूट किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. ज्याची मिळकत महिन्याला नाही, त्याने महिन्याचा हप्ता गळ्यात बांधून घेणे म्हणजे पावसाळी ओढ्यावर बारमाही पीक घेण्यासारखे आहे.

गावात राहणे स्वस्त, असा एक समज आहे. घरभाडे नाही, ताक-भाजी कधी शेजारून येते, हे खरे. परंतु गाव दोन बाबतींत महाग पडते. एक म्हणजे अंतर. दवाखाना, महाविद्यालय, कचेरी सारे तालुक्याला किंवा जिल्ह्याला. एकेका कामासाठी एकेक फेरी करण्यापेक्षा आठवड्याची कामे एका फेरीत बसविली, तर पेट्रोलचा निम्मा खर्च वाचतो. आपल्या दिशा-परिमाण व्रताचा हा व्यवहारी उपयोग आहे. शिवाय शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांची कागदपत्रे आजारी पडण्यापूर्वी तयार असावीत, रुग्ण गाडीत असताना नव्हे.

दुसरी महाग गोष्ट म्हणजे मान. शहरात शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नसतो. गावात सर्वांना सर्व ठाऊक असते, म्हणून मान राखण्यासाठी खर्च होतो. स्टँडवर दिवसाला दहा रुपयांचे चार चहा घेतले-पाजले, तर वर्षाला चौदा हजार सहाशे रुपये होतात. तंबाखू-पुडीचे रोजचे तीस रुपये वर्षाला दहा हजार नऊशे पन्नास होतात. सप्तव्यसनत्यागाचा उपदेश ऐकून जे सोडत नाहीत, त्यांनी निदान हा हिशेब पाहून सोडावे. दोन्ही मिळून पंचवीस हजार पाचशे पन्नास, म्हणजे आपल्या चौदा भागांपैकी सव्वा भागाहून अधिक. अवर्षणासाठी ठेवायचा भाग असा पाऊस चांगला असतानाच संपून जातो. शास्त्रात याला अनर्थदंड म्हटले आहे : ज्यात स्वतःचा अर्थ नाही, दुसऱ्याचाही नाही, अशी हानी.

बचत कोठे ठेवावी? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत काही पतसंस्थांमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले, हे दुःख या सभागृहातील अनेकांनी सोसले आहे. म्हणून एवढेच सांगतो, की एक-दोन टक्के जास्त व्याजाच्या मोहाने मूळ धोक्यात घालू नये. बँकेतील ठेवीला, त्यात सहकारी बँकाही आल्या, एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. पोस्टातील बचतीमागे सरकार उभे आहे. २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना दहा वर्षांच्या आतील मुलींसाठी आहे. महिन्याचे तीन हजार पंधरा वर्षे बाजूला पडले, तर व्याज धरले नाही तरी पाच लाख चाळीस हजार होतात. लेक बारावी होईल तेव्हा तिच्या शिक्षणासाठी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

साठविलेल्या लहान रकमेची शक्ती किती असते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. वाकोदचे भवरलालजी जैन यांनी १९६३ साली कुटुंबाच्या पिढ्यांच्या बचतीचे सात हजार रुपये घेऊन केरोसीन विक्रीने धंद्याला आरंभ केला, आणि पुढे त्या कार्याचा वृक्ष किती विस्तारला हे आपण जाणता. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी स्थापन झाली, तीच आजची विप्रो. तिचे थोडेसे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणारी अमळनेरची साधी कुटुंबे पुढे संपन्न झाली. यातून शेअर बाजाराच्या मागे धावावे असा बोध मी घेत नाही. ज्यांना अडीनडीला ते शेअर विकावे लागले नाहीत, त्यांनाच त्यांचे फळ मिळाले, हा खरा बोध आहे. घरखर्च मापात असला तरच बचतीला वाढायला वेळ मिळतो.

आता एका नाजूक विषयाला हात घालतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, तेव्हा घरोघरी धान्याच्या डब्यांतून, उशीच्या अभ्र्यांतून गृहिणींनी साठविलेल्या नोटा बाहेर आल्या. पुरुषांना आश्चर्य वाटले. मला वाटते, आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचे वाटायला हवे होते. जी स्त्री दिलेल्या पैशातून एवढी शिल्लक टाकू शकते, तिला घराची एकूण मिळकत किती आणि कर्ज किती हे आपण सांगत नाही! गावाकडे पुरुष कर्ज लपवितो, कारण त्याला ते अपमानाचे वाटते. तो एकटा झुरतो, आणि त्या झुरण्याची परिणती कित्येकदा किती भयंकर होते, हे कापूस पिकविणाऱ्या मुलखाला सांगण्याची गरज नाही. वहीत लिहिलेले कर्ज दोघांचे होते, मनात ठेवलेले कर्ज एकट्याचे राहते. माझी बंधूंना हात जोडून विनंती आहे, की घराच्या वहीचे पहिले पान कर्जाचे असावे आणि ते वाचण्याचा पहिला अधिकार घरच्या लक्ष्मीचा असावा. आपण ज्या लक्ष्मीचे वहीवर पूजन करतो, तिच्यापासूनच वही लपविणे योग्य नव्हे.

शेवटचा मुद्दा मी आनंद श्रावकाच्या कथेत राखून ठेवला होता. माप श्रीमंताने ठरविले. याचे महत्त्व फार मोठे आहे. गावातील एखादे घर कितीही काटकसरीने चालले, तरी एक लग्न त्याची दहा वर्षांची वही कोरी करून टाकते. त्या लग्नाचा खर्च ते घर स्वतः ठरवीत नाही, तो आपण ठरवितो. जळगाव-धुळ्याच्या मंगल कार्यालयात आपण पंगतीला जितके पदार्थ करतो, तितके करण्यासाठी चोपडा, शिंदखेडा, पारोळ्याच्या खेड्यातील आपला साधर्मिक बंधू कर्ज काढतो. आपला बडेजाव त्याच्या खतावणीत नावे पडतो.

आहेराचे एक सत्य कापड व्यापारी म्हणून मलाच सांगितले पाहिजे. आहेरातील टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, शर्टपीस यांतील पुष्कळ कापड कोणी शिवतही नाही. एकच ब्लाउजपीस घडी न मोडता चार लग्ने फिरतो. एका लग्नसराईत वीस लग्नांना प्रत्येकी पाचशेचा आहेर आणि तीनशेचा प्रवास धरला, तर सोळा हजार रुपये झाले. देणाऱ्याचे गेले, घेणाऱ्याच्या उपयोगी पडले नाहीत. २०२० साली शासनाने पन्नास माणसांची मर्यादा घातली, तेव्हा पन्नास माणसांतही लग्ने लागली आणि ते संसार आज सुखाने चालू आहेत. सक्तीने जे पाळले, ते स्वेच्छेने पाळले तर त्याचे व्रत होते.

म्हणून या सुवर्ण महोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे मी चार विनम्र सूचना ठेवतो. पहिली, ट्रस्टच्या वास्तूत होणाऱ्या स्वामिवात्सल्यात आणि लग्नाच्या पंगतीत पदार्थांची संख्या ठरवून द्यावी. चौदा नियमांतील ‘द्रव्य’ हा नियम सामुदायिकपणे पाळावा. दुसरी, तपश्चर्येच्या पारण्याला वस्तू व पाकिटे वाटण्याची प्रथा बंद करावी. उपवासाचा गौरव अनुमोदनेने होतो, भेटवस्तूंनी नाही. तिसरी, यातून जे वाचेल त्याचा शिक्षण निधी करून गावाकडील मुला-मुलींना गुप्तपणे साहाय्य द्यावे. घेणाऱ्याचे नाव फलकावर नसावे. चौथी, पुढील आखाजीला प्रत्येक साधर्मिक घरात जमाखर्चाची एक वही पोहोचवावी आणि ती कशी लिहावी, हे सांगण्यासाठी आमच्यासारख्या निवृत्तीकडे झुकलेल्या व्यापाऱ्यांनी गावोगाव जावे. मी स्वतः या कामासाठी महिन्यातील दोन रविवार देईन.

या सूचना अमलात आल्या तर बस्ते लहान होतील आणि माझ्या व्यवसायातील बंधूंना थोडी झळ बसेल. परंतु गावचे घर टिकले तर ते घर दरवर्षी शाळेचा गणवेश घेईल, आखाजीला लेकीला साडी घेईल, आणि रोखीने घेईल. कर्जात बुडून गाव सोडून गेलेले घर कोणाचेच ग्राहक राहत नाही, आणि त्या गावातील स्थानकाचा किंवा मंदिराचा दिवा लावायलाही कोणी उरत नाही. आपल्या अनेक खेड्यांत आज दोन-तीन जैन घरे उरली आहेत. ती टिकविणे हे या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांचे कार्य आहे, असे मी मानतो.

जिनाज्ञेविरुद्ध काही अधिक-उणे बोलले गेले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!